डोंगरामागं गेलेला शुक्रवार

मावशी, सगळे तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतायत. शांत होती, देवाची भक्त होती, कधी कुणाला दुखावलं नाही, वगैरे वगैरे. मी ऐकते, मान हलवते आणि मनात म्हणते, हे लोक ह्या बाईबरोबर कधी गाडीत बसलेले नाहीत.

मी बसलेय. कॅलगरीपासून रेव्हलस्टोकपर्यंत, भाड्याच्या एसयूव्हीमधून, आणि सरळ गेलो असतो तर एका दिवसात पोचलो असतो तिथं आपण दोन आठवडे लावले. कारण तुला हायवे नको होता. "ट्रकच बघायचे तर आपल्या घराजवळचा फोर-ओ-वन हायवे काय वाईट आहे," म्हणालीस आणि जीपीएस बंद केलास. नुसता आवाज नाही, जीपीएसच. मग गॅस स्टेशनवरून कागदी नकाशा घेतलास, तो कधी परत नीट घडी झाला नाही, आणि नकाशावरची सगळ्यात बारीक, सगळ्यात वाकडी रेघ शोधायचं काम मला दिलंस.

मी हे फार फास्ट टाइप करतेय, चुका झाल्या तर होऊ दे. थांबले की रडू येतं, म्हणून थांबत नाहीये.

तुला आठवतं का, पहिल्याच दिवशी त्या खडीच्या रस्त्यावर मागची सगळी भांडी इतकी वाजत होती की आपण दोघी ओरडून बोलत होतो? आणि तू ओरडून मला सांगत होतीस की बघ किती शांत आहे इथं. एका बाजूला गवत, गवतात गाई, पलीकडं सगळे डोंगर ओळीनं उभे, आणि आपल्या पुढं मागं एकही गाडी नाही. तू तीस वर्षं एअरपोर्टच्या चेक-इन काउंटरवर लोकांच्या बॅगा तोलल्यास, रिटायर झाल्यावर एटोबिकोच्या त्या कॉन्डोत राहिलीस जिथं दर पाच मिनिटांनी विमान डोक्यावरून जातं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तुला नुसती शांतता हवी होती. मग तू शिट्टीचा कुकर का आणला होतास, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. कॅम्पिंगला कुकर. पहिल्या कॅम्पसाइटवर तुझ्या खिचडीची तिसरी शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतला माणूस अस्वल पळवायचा स्प्रे घेऊन बाहेर आला होता. तू त्याला म्हणालीस, "सॉरी, वन मोअर."

मला आता शुक्रवारबद्दल बोलायचंय. आपलं भांडण तिथंच अर्धवट राहिलंय.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना एवढंच सांगते की आपण अलिबागकडचे बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की आपला शब्बाथ लागतो, आणि शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत गाडी नाही, चूल नाही, दिव्याचं बटण नाही. म्हणजे असं तू पाळायचीस. आई थोडं पाळते. मी, जाऊ दे.

पहिल्या शुक्रवारी आपण मोटेलमध्ये होतो, प्रश्न आला नाही. दुसऱ्या शुक्रवारी आपण कूटनी लेकच्या बाजूचा तो वळणावळणाचा रस्ता घेतला, दोन्हीकडं इतके उंच डोंगर की मान मोडेल. पुढं मी एक मस्त कॅम्पग्राउंड बुक केलेलं. गरम पाण्याचा शॉवर, नेटवर्क, आणि खाणं ठेवायला लोखंडी पेट्या. पाऊण तास राहिला होता फक्त. आणि तू एकदम इंडिकेटर लावून एका कच्च्या वाटेवर गाडी आत घातलीस. फॉरेस्टवाल्यांची साइट होती, चार-पाच टेबलं, एक लाकडी टॉयलेट, समोर छोटं तळं. नळ नाही. फोनला एक दांडी पण नाही.

"काय झालं?"

"सूर्य चाललाय," तू म्हणालीस.

मी वर बघितलं. डोंगराच्या कडेला टेकायला आला होता खरा. मी शब्बाथच्या वेळा दाखवणारं ॲप उघडलं, ते मी आधीच डाउनलोड करून ठेवलं होतं, खास तुझ्यासाठी. "मावशी, सूर्यास्ताला अजून जवळजवळ दोन तास आहेत."

"ॲपला डोंगर दिसतोय का?"

"अगं, सूर्यास्त म्हणजे खरा सूर्यास्त. डोंगर नसता तर दिसला असता तो."

"पण डोंगर आहे ना. आजी अलिबागला समुद्रात सूर्य बुडाला की बत्ती लावायची. मी एटोबिकोला समोरच्या बिल्डिंगमागं गेला की लावते. इथं डोंगरामागं जातोय. जिथं आहोत तिथला सूर्य."

"म्हणजे बेसमेंटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? त्यांचा तर दिवसभर शब्बाथ."

"तू कुकर काढ," म्हणालीस.

खिचडी झाली, तू पातेल्यात दोन मेणबत्त्या लावल्यास वारा लागू नये म्हणून (जंगलात जाळ करायला बंदी नव्हती त्या आठवड्यात, नशीब), डोळ्यांवर हात ठेवलेस, आणि मनुका भिजवून केलेलं ते सरबत प्लास्टिकच्या कपातून प्यायलो आपण. वाइन कधीच नाही, मनुकांचंच सरबत, आजीसारखं. आकाश अजून चक्क निळं होतं. मी दर पाच मिनिटांनी ॲप दाखवत होते. तू बघत नव्हतीस.

मग तू तळ्यावर हात धुवायला गेलीस, आणि मी शहाण्या मुलीसारखं काय केलं, तर झाडावरची पाटी वाचली. अस्वलांचा भाग आहे, खाण्याच्या सगळ्या वस्तू गाडीत ठेवून गाडी लॉक करा. सगळं उचललं. खिचडी, ब्रेड, केळी, सार्डिनचे डबे, तुझा नानखटाईचा डबा. गाडीत टाकलं, किल्लीचं बटण दाबलं, टुक टुक, लाइट चमकले. माझ्या ॲपप्रमाणे अजून शुक्रवारच होता. तू परत आलीस, गाडीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि तंबूत गेलीस. मला वाटलं दमली असेल.

सकाळी कळलं. गाडीचं दार उघडलं की आत दिवा लागतो. शब्बाथला दिवा लावायचा नाही. म्हणजे आपलं सगळं खाणं काचेपलीकडं दिसत होतं, नानखटाईचा डबा तर अगदी खिडकीशी, आणि आपण दोघी टेबलाशी बसून त्याकडं बघत होतो.

"मावशी, मी उघडते ना. पाप मला."

"तुझं पाप तुझं. पण मी त्यातलं खाणार नाही."

"मग मी पण नाही खाणार."

"नको खाऊस. सारखं डाएट डाएट करतेस, होईल आज."

"तुझी शुगर?"

"शुगर मस्त आहे. तू तोंड बंद ठेव, भूक कमी लागते."

आता इथं मला कबूल केलं पाहिजे, नाही, कबूल कसलं, तुला माहीतच होतं, की मी नुसते रस्ते बघायला आले नव्हते. आईला मी अनिकेतबद्दल आधीच सांगितलं होतं. अनिकेत म्हणजे व्हिटबीचा, मूळ पुण्याचा, हिंदू, माझ्याच ऑफिसातला, आणि ज्याच्याशी मला लग्न करायचंय तो. आई ग्रोसरीच्या पिशव्या रिकाम्या करत होती, न बघताच म्हणाली, "ताईला पटलं तर बघू." पप्पा नेहमीप्रमाणे आईच्या मताचे. आईला पक्कं माहीत होतं की ताईला, म्हणजे तुला, नाही पटणार, म्हणून तिनं तसं सांगितलं. तर मी पूर्ण प्लॅन करून आले होते. रेव्हलस्टोकला शेवटच्या दिवशी तुला चांगल्या ठिकाणी जेवायला नेणार, आधी फोटो दाखवणार, मग हळूच विषय काढणार. आरशासमोर प्रॅक्टिस पण केली होती.

आणि प्रत्यक्षात काय झालं, तर मी भुकेनं वैतागून, त्या नानखटाईच्या डब्याकडं बघत म्हणाले, "अनिकेत असता ना तर त्यानं उघडलं असतं. त्याला शनिवारचं काही नाही."

तू टेबलावर पडलेली पाइनची सुई उचललीस.

"कोण अनिकेत?"

मग काय, सगळंच बाहेर आलं. उलटसुलट, मध्येच त्याची आई, मध्येच व्हिसा, मध्येच त्यानं माझ्या आजारपणात केलेलं सूप. तू ऐकत होतीस आणि ती सुई हातात फिरवत होतीस. माझं बोलून संपलं तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललीस माहितेय? "म्हणजे शनिवारी गाडीचं दार उघडायला नवरा करतेयस का?"

मला हसू आलं आणि रडू पण.

"खातो काय?" तू विचारलंस.

"शाकाहारी आहे."

"पुण्याचा आणि शाकाहारी. दोन्ही एकदम?"

"मावशी, आपल्याला चालणारं कोशर चिकन मिळत नाही म्हणून तू स्वतः दोन आठवडे खिचडी खातेयस. सार्डिन सोडलं तर तू पण शाकाहारीच आहेस."

"सार्डिन सोडता येत नाही," तू म्हणालीस.

तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधली ती म्हातारी आली, सास्काटूनची, मांजराएवढा कुत्रा घेऊन. सकाळपासून बघत असणार आपल्याला, की ह्या दोन बायका गाडीसमोर बसल्यात आणि गाडीला हात लावत नाहीत. "यू लेडीज लॉक युअर कीज इन?"

किल्ली माझ्या हातातच होती. तू एकदम गोड हसून म्हणालीस, "नो, नो. वी आर लॉक्ड आउट बाय गॉड."

तिनं किल्लीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. ट्रेलरमध्ये जाऊन भलामोठा वाडगाभर चेरी घेऊन आली, क्रेस्टनच्या बागेतल्या. फळ होतं, कालचं तोडलेलं होतं, तुला चालत होतं. आपण दिवसभर त्या चेरी खाल्ल्या. तू बिया किती लांब थुंकतेस ते मला माहीत नव्हतं. पासष्ट वर्षांची बाई.

दिवस मोठा होता गं. गाडी नाही, फोन नाही, स्वयंपाक नाही, दुसरं काही करायलाच नाही. तू मला कधी इतकं विचारलं नव्हतंस. तो चिडला की काय करतो? त्याची आई तुला कशी हाक मारते? तुला मूल झालं तर त्याचं काय? त्याच्या घरी गणपती बसतो, तू काय करशील, बाहेर उभी राहशील का आत? मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. मी तसं सांगितलं. तू म्हणालीस, येत नाहीत म्हणतेयस ते बरंय.

आणि आईवर तू भडकलीस. "तुझी आई लहानपणापासून अशीच आहे. वाईट बोलायचं काम ताईकडं. शाळेत कुणाशी कट्टी करायची तरी मला पाठवायची सांगायला."

दुपारनंतर आपण तळ्यात पाय सोडून बसलो. पाणी बर्फासारखं. तू साडी-बिडी कधी नेसायची नाहीस, तुझी ती राखाडी ट्रॅक पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली. आणि तू म्हणालीस, मी शब्दन् शब्द सांगू शकते, "हे बघ, मला नाही पटलेलं. खोटं नाही बोलणार. त्या मुलाचं काही नाही. मला वाटतं माझ्यानंतर तुझी आई, तुझ्या आईनंतर तू, आणि मग शुक्रवारची बत्ती कोण लावणार? इथं आपण आहोत किती? एका हॉलमध्ये मावतो. त्यातली तू एक."

मला ते खरंच वाटलं आणि तरी मला अनिकेत हवाच होता, दोन्ही.

मग तू म्हणालीस, "पण बॅग न तोलता ओव्हरवेट म्हणायची माझी सवय नाही. जेवायला आण त्याला. बघते."

"आणि मग?"

"मग सांगते. आता पाय काढ, निळे पडलेत."

एवढंच. हो नाही, नाही पण नाही.

दुसऱ्या दिवशी काय मस्त होतं गं. नानखटाईचा नाश्ता करून निघालो, उरलेले रस्ते, तो वरच्या बाजूचा लेक, आणि ती फेरी जिच्यावर गाडीसकट चढायचं असतं. तू कठड्याशी उभी राहून किनाऱ्यावरच्या अनोळखी माणसांना हात करत होतीस आणि ते पण करत होते. मी तुझा व्हिडिओ घेतला. त्यात वाऱ्यामुळं तुझा आवाज ऐकू येत नाही, नुसतं तोंड हलतं. काय म्हणत होतीस? मी शंभरदा बघितलाय. बहुतेक "आत बस, थंडी आहे" असेल. तू दुसरं काय म्हणणार.

मग आपण परत आलो आणि मावशी, सगळं नुसतं पुढं पुढं जात राहिलं. आधी तुझे सणाचे दिवस, मग त्याच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज, मग तुझा गुडघा. मग बर्फ पडला. मी म्हटलं, येतो ना शनिवारी चांदण्या दिसल्यावर, तर तू म्हणालीस, "व्हिटबीहून एटोबिको, ह्या बर्फात? वेड लागलंय का. बर्फ संपून विंटर टायर काढायची वेळ झाली की या. पळून चाललाय का तो?"

तो नाही गेला. मला तुझा राग येतो, खरं सांगते. एवढा काय बर्फ होता? चार रविवार तर कोरडे होते. आणि राग येतो तेव्हाच आठवतं, की विंटर टायर लावायला पण तूच मला गॅरेजमध्ये घेऊन गेली होतीस, आणि तिथल्या माणसाला "चेक अगेन" म्हणाली होतीस. दर शुक्रवारी अजून ते ॲप वाजतं. मी बंद केलेलं नाही. तू बुधवारी सकाळी गेलीस, चहा ओतून ठेवला होतास आणि प्यायला नव्हतास, आणि मी किल्लीनं दार उघडलं तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

आता पुढचं ऐक. हे तुला सांगायचं होतं म्हणून तर हे सगळं लिहायला बसले.

‘शिवा’चे, म्हणजे आपल्या ज्यू सुतकाचे, सात दिवस आई जमिनीवर बसून होती, रिचमंड हिलच्या घरात रीतीप्रमाणे सगळे आरसे झाकलेले. अनिकेत रोज आला. आतल्या प्रार्थनेत त्याला कुणी धरलं नाही आणि तो धरायला लावत पण नव्हता. खुर्च्या आणायचा, ड्राइव्हवे शोव्हल करायचा, कारण नेमका तेव्हाच परत बर्फ पडला, आणि आजी-आजोबा लोकांना गाडीतून उतरवून हाताला धरून आणायचा. आई त्याच्याशी "थँक यू" पलीकडं बोलली नाही. तो मराठी आहे हे माहीत असून इंग्लिशमध्ये थँक यू.

शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर आम्ही दोघी आरशांवरच्या चादरी काढत होतो. हॉलमधल्या मोठ्या आरशाची चादर काढताना आई म्हणाली, माझ्याकडं न बघता, "ताईला तू सांगितलं होतंस ना? तिकडं गेलात तेव्हा?"

"हो."

"काय म्हणाली?"

मावशी, त्या तळ्याशी आपण दोघीच होतो. नेटवर्क नव्हतं. सास्काटूनच्या बाईला मराठी येत नव्हतं. मी "पटलं म्हणाली" एवढं बोलले असते तर आईनं पुन्हा विचारलं नसतं. तुझा शब्द म्हणजे तिला काय, तू बघितलंयस. माझ्या तोंडात आलं होतं ते. चादरीचं एक टोक माझ्या हातात, एक तिच्या, आणि मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. आठवड्यात तिनं पहिल्यांदाच स्वतःला बघितलं होतं, आणि ती अगदी तुझ्यासारखी दिसत होती. तुझ्या तोंडात न बोललेला शब्द घालायचा मला धीर झाला नाही.

मी सांगितलं. जसंच्या तसं. पटलं नाही म्हणाली. शुक्रवारच्या बत्तीचं सांगितलं, हॉलमध्ये मावतो ते पण. आईनं चादर घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग मी बॅगेचं सांगितलं, आणि जेवायला आण म्हणाली ते.

"मग आला होता का जेवायला?"

"नाही. राहिलं."

आईनं चादरीची शेवटची घडी घातली. मग चादर माझ्या हातात देऊन म्हणाली, "ताईनं बोलावलंय आणि माणूस जेवलेला नाही, असं नाही चालत." आणि आत गेली.

आज रविवार आहे. तो येतोय. तिला पटलंय असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं पण नाही. ॲपच बरोबर होतं हे माझं मत अजून तसंच आहे, तुला आवडो न आवडो. पण तू त्याचं ऐकलं असतंस तर आपण त्या गरम पाण्याच्या शॉवरपाशी पोचलो असतो, मी फोन बघत बसले असते आणि तू मला इतकं काही विचारलं नसतंस. थँक यू गं. तेव्हा म्हटलं नाही मी.

आई सकाळपासून किचनमध्ये चिडचिड करतेय, शाकाहारी माणसाला नारळाच्या दुधात नेमकं काय घालून द्यायचं म्हणून. बटाटा म्हणजे पाहुण्याचा अपमान, म्हणते. फुलकोबीला चव नाही, म्हणते. आत्ता हाक मारून विचारतेय, वांगं खातो का तो.

उठते मी. खातो म्हणून सांगते. खात नसला तरी आज खाईल.